सोवळ्यात शिवलेल्या साड्या

१४ जुलै, सोमवार

आज बोर्ड लागला. ‘सोनपावली. महालक्ष्मीची तयार वस्त्रे.’ खाली लाल अक्षरात, ‘संपूर्ण सोवळ्यात शिवलेली.’ ही खालची ओळ माझी. अंकित म्हणाला, “चांगल्या शिवलेल्या असं लिही ना, सोवळं कशाले?” मी म्हटलं, तू तुझे खिळे आणि पाइप विक, कापडाचं मला कळतं. त्याचं हार्डवेअरचं दुकान शेजारीच आहे, त्यामुळे नवरा म्हणून आणि शेजारी म्हणून असा दोन्हीकडून त्याचा सल्ला मिळतो.

वर्ध्याच्या या सिंदी मेघेत कापडाची दुकानं कमी नाहीत. पण महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी घराघरांत काय गोंधळ चालतो, ते या दुकानदारांपैकी एकाच्याही लक्षात आलेलं नाही. पत्र्याच्या कोठीवर देवीचा मुखवटा ठेवायचा आणि त्या कोठीला साडी नेसवायची. बाईला नेसवणं सोपं, ती सांगितलं की वळते. कोठी वळत नाही. निऱ्या घसरतात, टाचण्या बोटात शिरतात, सासू बोलते, सून मोरीत जाऊन रडते. मी निऱ्या घालून, शिवून साडी देणार. नुसती चढवा आणि मागे नाडी बांधा. आणि सोवळ्यात शिवलेली म्हटल्यावर एकही सासू नाही म्हणणार नाही.

धंदा चालणार. मला शंका नाही.

१७ जुलै, गुरुवार

शिवणाऱ्या बायका पाहिल्या. जाहिरातीत मी फक्त ‘शिवणकाम येणाऱ्या महिला पाहिजेत’ एवढंच लिहिलं होतं. जातधर्म मी मानत नाही. भिंतीवर नियम लावलेत ते सगळ्यांना सारखेच. आंघोळ करून यायचं, चपला बाहेर, सकाळच्या आरतीला हजर राहायचं, कपाळाला कुंकू.

प्रत्येकीला एक कोठी आणि एक साडी दिली. बहुतेकींनी कोठीला गुंडाळून ठेवलं. मग आंजी गावची एक जण आली. तिशीची असेल, आयटीआयला शिवण शिकलेली, नवरा ऑटो चालवतो. तिने कोठीभोवती एक चक्कर मारली, मापाचा टेप गळ्यात टाकला आणि कामाला लागली. झाल्यावर मी पाहतच राहिले. पदर असा पडला होता की आता देवी चालायला लागेल. मी नाव विचारलं.

“तस्लीम.”

मी नियमांकडे बोट दाखवलं. तिने ते शांतपणे वाचले. “आंघोळ करूनच निघतो मी घरून. चपला बाहेर काढीन. आरतीले उभी राहीन, टाळ्या वाजवीन. कुंकू तेवढं नाई लावणार. चालते काय?”

भाजीवालीला भाव विचारावा तसं विचारलं. मी म्हटलं, पाहू, कळवते.

१९ जुलै, शनिवार

देवकाबाई येऊन गेल्या. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांच्या महालक्ष्म्या त्यांच्या सल्ल्याने बसतात. स्वतःची, लेकीची, बहिणींची अशी सगळ्यांची ऑर्डर एकदम दिली. जाताना दारात थांबून म्हणाल्या, “देवीचं काम आहे, पोरी. शिवणारी कोण हाय, तेवढं पाहून घेजो.”

पाहून घेतलं. मंदाबाई आणि रुचिका, दोघींना सांगून टाकलं. मंदाबाई अंकितच्या चुलत भावाची बायको, म्हणजे माझी जाऊ. रुचिका पुतणी. दोघी आमच्याच भावकीतल्या, विश्वासाचा प्रश्न नाही. तस्लीमचं काम चांगलं होतं, पण आंजी लांब पडते. पावसात बस उशिरा आली की दिवस गेला. मंदाबाईही आंजीचीच आहे, पण तिचं वेगळं, ती घरची आहे.

दुपारी नागपूरहून जरीच्या लेसचा गठ्ठा आला. मोमिनपुऱ्यातल्या एका चाचांकडून मागवते. इतका सुरेख माल दुसरीकडे मिळत नाही. देवीच्या अंगावर लखलख करील.

२३ जुलै, बुधवार

तस्लीमचा फोन. म्हटलं, दोघी मिळाल्या गं.

“काम पसंत नाई आलं काय?”

“तसं नाही. आंजी लांब पडते, म्हणून.”

“मंदाबाई तर माह्याच बसमधी येते, ताई.”

मी म्हटलं, आवाज तुटतोय तुझा, आणि फोन ठेवला. आवाज चांगला खणखणीत येत होता. पण प्रत्येकीला काय कारणं देत बसायची? मालकिणीला कधी कधी असं करावं लागतं.

२ ऑगस्ट, शनिवार

मंदाबाईने आज दोन्ही देव्यांचे पदर एकाच साडीला लावले. मी विचारलं, आता दुसरी काय पांघरणार? तर म्हणते, “बोलता बोलता झालं.” तिचं सगळंच बोलता बोलता होतं. रुचिका नीट शिवते, पण चार दिवस बाजूला बसली होती. सोवळं मीच बोर्डावर लिहिलंय, त्यामुळे कोणाला बोलायची सोय नाही. मी स्वतः उसवते आणि स्वतः शिवते.

ऑर्डरी मात्र थांबायचं नाव घेत नाहीत. देवळी, सेलू, पुलगाव, कुठून कुठून फोन येतात. सगळ्यांना त्या लाल ओळीचं कौतुक. मी अंकितला ऐकवलं.

११ ऑगस्ट, सोमवार

आज स्कूटीने आंजीला गेले. माझ्या डोक्यात फार चांगला तोडगा आला होता. तस्लीमने घरी बसून शिवायचं. मी कापड पोचवीन, मी घेऊन जाईन, दर दुकानापेक्षा चढा देईन. नाव सांगायचं नाही, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनात काही यायला नको. तिचंही भलं, माझंही.

तिने चहा ठेवला. मशीन दाराशीच होतं, शाळेचे गणवेश शिवत होती. माझं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे काम मह्यं चालते, मी नाई चालत.”

“असं कुठे म्हटलं मी?”

“ताई, मी काय चोरीचा माल शिवून राह्यली काय, लपून बसाले? दुकानात बसवा. नाई तर राहू द्या.” मग कप पुढे केला. “चहा घ्या. थंडा होऊन राह्यला.”

चहा चांगला होता. परतताना रस्ताभर डोकं तापलेलं. मी होऊन दारात गेले, जास्त दर देऊ केला, आणि वरून ऐकून घ्यायचं. लोकांचं भलं करायला जाऊ नये, हेच खरं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

अल्लीपूरचे प्रभाकरराव काका, अंकितच्या भावकीतले सगळ्यांत थोरले, सकाळी गेले. नव्वदीला टेकले होते. कालपर्यंत ओसरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पान देत होते. माझ्या लग्नात सगळ्यांत आधी माझ्या बाजूने बोलले होते ते. आम्ही सगळे मातीला जाऊन आलो. फार रडू आलं.

घरी आल्यावर वच्छलाबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, बोटांवर मोजलं. “गणपती सुतकातच जाते. पुढच्या गुरुवारी धाव्वा दिवस. महालक्ष्म्या तेवढ्या वाचल्या.”

आपल्या घरच्या वाचल्या म्हणून मी हात जोडले. दुकानाचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

आता आलं.

सुतक सगळ्या भावकीला. म्हणजे मला, मंदाबाईला, रुचिकाला. आपली माणसं, आपली माणसं करत मी एकाच भावकीतली भरली, आणि एका झटक्यात सगळी बसली. दुकानात अर्ध्या शिवलेल्या साड्या, बाहेर लाल अक्षरात सोवळं, आणि आत देवीच्या कापडाला लावायला एक हात नाही.

मी सासूबाईंना म्हटलं, साडी देवीला नेसवेपर्यंत ती नुसतं कापडच ना? धंद्यात एवढं चालतं.

“चालते ना. म्या कुठं नाई म्हटलं? पण बोर्डावर म्या नाई लिवलं बाई. तू लिवलं.”

संध्याकाळपर्यंत बातमी पसरली. अल्लीपूरला कोण गेलं हे वर्ध्यात सगळ्यांना आधी कळतं. देवकाबाईंचा फोन आला, “तुमच्याकडे सुतक म्हणे. मंग आमचं कसं?” मी म्हटलं, तुमचं वेळेवर होणार, काळजी करू नका. आवाज असा ठाम काढला की क्षणभर मलाही पटलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

ओळखीच्या सगळ्या शिवणारणींना विचारून झालं. कोणी तान्ह्या पोळ्याचे पोरांचे कपडे शिवतेय, कोणी गणपतीच्या मंडळाचे झेंडे. एक जण आली, कोठी पाहिली, “हे आपल्याच्यानं नाई होत” म्हणाली आणि पाणी पिऊन गेली.

ही ऑर्डर बुडाली तर पुढच्या वर्षी कोणी फिरकणार नाही. बाकी काही झालं तरी सोसेन, पण अंकितने हळूच ‘म्हटलं होतं’ म्हणणं सोसणार नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा

सुतक म्हणून घरी पुरणपोळी नाही. रस्त्यावरून सजलेले बैल गेले, मी काचेतून पाहिले. सासूबाई दुकानात येऊन बसल्या होत्या.

“तुले एक गोष्ट दिसून नाई राह्यली काय?”

“कोणती?”

“सुतक भावकीले असते. तुनं ते आंजीची पोरगी पाह्यलती ना, तिले कुठचं सुतक?”

“अहो पण आई, ती...”

“ती काय?”

मी वाक्य पुरं करायला गेले आणि मला ते पुरं करता येईना. सासूबाई वाट पाहत बसल्या. मग म्हणाल्या, “हातातल्या बांगड्या तुले मणियार चाचा भरते, तवा तर तू हात मागं नाई घेत,” आणि काठी उचलून निघून गेल्या.

२३ ऑगस्ट, शनिवार

आंजीला गेले. तान्हा पोळा होता, पोरं लाकडी नंदी ओढत दारोदार फिरत होती, गर्दीत स्कूटी दोनदा बंद पडली.

मी सगळं खरं सांगितलं. काका गेले, सुतक आहे, तुझ्याशिवाय कोणी नाही. तस्लीमने आधी काकांचं विचारलं, किती वय होतं, त्रास झाला का. मग म्हणाली, “येतो. पण लपून नाई. काचेजवळच्या मशीनवर बसीन. आन देवकाबाई आली म्हणून मांगच्या खोलीत नाई जाणार.”

“बस.”

“कुंकू नाई.”

“नको लावू.”

“आन सुतक फिटल्यावर?”

“नंतरचं नंतर पाहू,” मी म्हटलं. तिने मापाचा टेप पिशवीत टाकला, मग चप्पल घातली.

२५ ऑगस्ट, सोमवार

माझ्याच दुकानात मला कशालाही हात लावायची बंदी. दारापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सूचना देते. कापडाचा एक कोपरा खाली लोंबत होता, मी सवयीने उचलायला वाकले.

“ताई, दूर. सुतक आहे तुम्हाले.”

मंदाबाई डबा विसरली होती तो न्यायला आली, तर तिलाही उंबऱ्याबाहेर उभं केलं. “तिथूनच सांगा मंदाबाई, देतो मी.” मंदाबाईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सोवळ्याचे माझे नियम माझ्यापेक्षा तस्लीम कडक पाळते. मला हसू येत होतं आणि मध्येच येईनासं होत होतं. उंबऱ्याबाहेर उभं राहणं कसं असतं, ते मंदाबाईच्या तोंडावर मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं.

काम मात्र असं चाललंय की काय सांगू. रस्त्यावरचे लोक काचेपाशी थांबतात.

२६ ऑगस्ट, मंगळवार

दोन ऑर्डरी रद्द. एकीने फोनवर कारण सांगितलं नाही. दुसरीने सांगितलं. म्हणाली, सुतक परवडलं, पण हे नाही.

मी म्हटलं, बरं, येऊन कापड घेऊन जा. तिने सांगितलं तेच कारण महिन्याभरापूर्वी मी तस्लीमला एवढ्याच सोप्या शब्दांत सांगू शकले असते का? मी आंजीचं अंतर सांगितलं होतं. पण माझी गोष्ट वेगळी होती. मला गिऱ्हाइकांचा विचार करावा लागत होता.

तस्लीमने मशीन थांबवलं नाही. सगळं ऐकू गेलं असणार.

२८ ऑगस्ट, गुरुवार

देवकाबाई आल्या. मी उठून उभी राहिले. काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं, पण त्या थांबल्या नाहीत.

त्या काचेजवळ गेल्या. तस्लीम त्यांच्याच थोरल्या महालक्ष्मीच्या निऱ्या पक्क्या करत होती.

“तू शिवून राह्यली काय हे?”

“हो.”

“आंघोळ केली?”

“घरून करूनच आली. आन आम्हाले सुतक नाई.”

देवकाबाईंनी चष्मा वर केला, पदर हातात घेतला, उलटा करून पाहिला, शिवण ओढून पाहिली. मला वाटलं आता टाकतात. “मह्यी मोठी आई अशा निऱ्या पाडे,” त्या म्हणाल्या. “ते गेल्यावर कोणाच्यानंच नाई झाल्या.” मग माझ्याकडे वळून, “एवढी हुशार पोरगी होती, तर जुलैतच काऊन नाई बसवली?”

घ्या. ‘शिवणारी पाहून घेजो’ म्हणणाऱ्या याच. त्या तर साड्या घेऊन गेल्याही.

३० ऑगस्ट, शनिवार

काल सुतक फिटलं. आज शेवटची साडी गेली. पुलगावची एक सून जाताना म्हणाली, यंदा आमच्या घरी कोणी रडणार नाही. उद्या माझ्या घरी महालक्ष्म्या येतात, आणि यंदा त्यांच्या साड्या तस्लीमने शिवलेल्या आहेत.

मी म्हटलंच होतं, धंदा चालणार.

३ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन झालं. आज दुकान उघडलं, मंदाबाई आणि रुचिकाही आल्या. पुढे नवरात्राच्या देवीची वस्त्रं, मग दिवाळी. मी सगळ्यांना पेढे वाटले. मंदाबाई पेढा खात खात काचेजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. तस्लीम यायची होती.

ती आली, पाहिलं, आणि मागच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिली. जावेला पहिल्याच दिवशी उठ कसं म्हणणार? वाटलं, होईल हळूहळू.

मंदाबाई जेवायला गेली तेव्हा तस्लीम माझ्याजवळ आली.

“अंजूताई, एक विचारू? पुढच्या वर्षी तुमच्या भावकीत कोणी मेलं नाई, तर?”

“असं काय अभद्र बोलतेस?”

“अभद्र नाई. मले ठरवाचं आहे. काम हातावर भेटलं, का काकाजी गेले म्हणून भेटलं? काकाजीवर भेटलं असंल तर मले दुसरीकडं पाहा लागंल.”

मला राग आला. फार आला. तिच्यासाठी दोन गिऱ्हाइकं सोडली मी. तसं बोललेही. ती “बरं” म्हणाली आणि टेप गुंडाळून पिशवीत ठेवला. उद्या येईल की नाही, माहीत नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी आरती करताना लक्ष नव्हतं. तिच्या प्रश्नाला ‘हातावर’ एवढा एकच शब्द उत्तर होता आणि तो मला काल सुचला नाही. सुचला नाही, कारण खरा नव्हता. हात तर मी सतरा जुलैलाच पाहिला होता. तिने नाव सांगण्याआधी मनात तिला काचेजवळ बसवूनही टाकलं होतं. नाव ऐकल्यावर आंजी लांब झाली.

लिहिताना लाज वाटतेय. वाटू दे.

ती आली. उशिरा, पण आली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “तस्लीम, तू पहिल्याच दिवशी पास झाली होतीस. मला तेव्हाच माहीत होतं.”

“मलेबी माईत होतं,” ती म्हणाली. “तुमच्या तोंडून ऐकाचं होतं.”

मग मी मंदाबाईला उठायला सांगितलं. मंदाबाई उठली. भावकीत आता हे वर्षभर पुरेल.

दुपारी पेंटरला बोलावून बोर्डावरची लाल ओळ पुसून घेतली. कुंकवाचा नियमही काढला. आंघोळ आणि चपला राहू दिल्या, त्या चांगल्याच असतात. खाली काय लिहू, पेंटरने विचारलं. अंकित शेजारून ओरडला, “चांगल्या शिवलेल्या.” तेच लिहिलं. त्याला म्हटलं, तुझं ऐकलं म्हणून नाही, अक्षरं कमी लागतात म्हणून.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज ईद, तस्लीमची सुट्टी. देवकाबाई नवरात्राची ऑर्डर घेऊन आल्या आणि ‘ते पोरगी नाई काय?’ म्हणून बसून राहिल्या. उद्या येईल म्हटल्यावर, मग उद्याच मापं सांगतो म्हणाल्या आणि निघाल्या.

दुपारी मंदाबाई आपलं कापड घेऊन काचेजवळ आली. “आज ते नाई ना. उजेड चांगला आहे इथं.”

खुर्ची रिकामीच होती, कोणाचं काही बिघडत नव्हतं. तिला चांगला उजेड मिळाला असता तर माझंच काम नीट झालं असतं.

“मागे दिवा लावून देते,” मी म्हटलं. “ती तस्लीमची जागा आहे.”